समुद्र नसलेल्या देशाचं दीपगृह

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ठेवूही नका. माझ्यावर पटकन विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी मला बोलताच येत नाही. त्याला पुढचं काय सांगावं ते सुचत नाही. पण एवढं लिहून ठेवा. इंटरनेटवरच्या नावांचा बाजार थंड पडून त्याच्यावर माशाही बसेनाशा झाल्या होत्या, तेव्हा आमच्या घरातून एक नाव विकलं गेलं. खणखणीत किमतीला. समुद्र नसलेल्या देशांना दीपगृहं पुरवणाऱ्या एका कंपनीला. आणि त्या सौद्यात मी मध्ये होतो. मध्ये म्हणजे अगदी मधोमध, जिथे दोन्ही बाजूंच्या थपडा बसतात तिथे!

गेल्या बुधवारी हे सगळं मी सलूनमध्ये सांगितलं, तसंच इथे लिहितो. खुर्चीत मी, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड. मागे सलूनवाला, कात्री हवेत. बाकावर इस्त्रीवाला, आणि त्याच्या शेजारी गणिताचे मास्तर, हातात पेपर. या मास्तरांनी नोकरीत मुलांच्या चुका पकडल्या आणि निवृत्तीनंतर माझ्या पकडतात. पेन्शन मिळते तरी काम सोडत नाहीत.

मी आयुष्यभर दारोदार फिरून शिवणयंत्रं विकली. एकदा सर्कशीतल्या अस्वलाला विकलं होतं. मास्तरांनी पेपरमागून विचारलं, अस्वलाने पैसे रोख दिले का. मी म्हटलं, हप्त्याने. ते "हं" म्हणाले आणि पान उलटलं. सांगायचा मुद्दा हा, की विकण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मला त्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत वाटत होतं.

आता अक्काबद्दल. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिचे यजमान गेले आणि मी लग्नाच्या भानगडीत कधी पडलोच नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. एक खोली तिची, एक माझी, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. ती मला गप्प्या म्हणते. वयाच्या सहाव्या वर्षी पडलेलं नाव आहे, आता अडुसष्टाव्या वर्षी बदलून काय करू?

अक्का टपाल खात्यात सॉर्टिंगला होती. अडतीस वर्षं. समोर खणाखणांचं लाकडी कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्र उचललं, पत्ता पाहिला, खणात. पाहिला आणि खणात. तिचा हात मी पाहिलेला आहे. कोंबडी दाणे टिपते त्याच्या दुप्पट वेगाने चालायचा, आणि कोंबडी निदान चुकून खडा तरी टिपते, अक्का नाही. एकदा एका पाकिटावर फक्त 'पुलापलीकडच्या रागीट सुतारास' एवढंच लिहिलेलं होतं. अक्काने ते बरोबर खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी सुतार पोस्टात येऊन ओरडायला लागला, मला रागीट कोण म्हणतो म्हणून. पत्ता बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

निवृत्त होताना लोकांना घड्याळ देतात. अक्काने घड्याळ नको म्हटलं आणि मोडीत निघालेलं ते खणांचं कपाट मागून घेतलं. चार हमालांनी ते तीन जिने चढवलं, आणि त्यातल्या एकाने उतरल्यावर धंदा बदलला.

ज्यांना अक्काचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटवर दुकान थाटायचं तर आधी नाव लागतं, डोमेन म्हणतात त्याला. डोमेन म्हणजे पाटी. वर्षाचं शुल्क भरलं की पाटी तुमची. पुढच्या वर्षी भरायला विसरलात, की पाटी खाली, ज्याला हवी त्याने न्यावी. शहाणी माणसं चांगली नावं आधीच घेऊन ठेवतात आणि गरज असेल त्याला चार पैसे वर घेऊन विकतात. ना माल, ना गोदाम, ना गोदामातले उंदीर.

तिच्या लेकीने जुना कॉम्प्युटर दिला तेव्हा अक्काला हा शोध लागला. तिचं म्हणणं, अडतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पत्ते लावले, आता पत्तेच विकते. एकशेबारा नावं घेतली तिने. प्रत्येक नावाचं एक कार्ड, प्रत्येक कार्ड आपापल्या खणात. उजवीकडे अगदी वरचा एक खण वेगळा. त्याच्यावर चिठ्ठी: 'गेलं'. नाव विकलं की कार्ड त्या खणात.

आणि काय विकायची! एकदा एका गरीब विद्यार्थ्याचा मेल आला. अभ्यासासाठी अमुक नाव हवंय, परिस्थिती बेताची आहे, फुकट दिलंत तर आशीर्वाद मिळेल वगैरे. माझे तर डोळे भरून आले. अक्का म्हणाली, थांब. ती त्याची पत्रं मांडून बसली. मेल किती वाजता आला, उत्तर किती वाजता आलं, कागदावर ओळीने. मग मला म्हणाली, "हा विद्यार्थी सकाळी दहाला सुरू होतो, साडेपाचला बंद होतो आणि रविवारी बोलत नाही. इतका वक्तशीर विद्यार्थी मी पाहिला नाही. हे ऑफिस आहे." आणि होतंच. एका दांडग्या कंपनीने खर्च वाचवायला माणूस बसवला होता. अक्काने कंपनीकडून कंपनीची किंमत घेतली. उलट खाली किल्ल्या बनवणारी बाई आहे, तिला तिच्या दुकानाचं नाव हवं होतं, तर अक्काने भरलेल्या शुल्कातच देऊन टाकलं. मी म्हटलं, अगं, जास्त मिळाले असते. ती म्हणाली, तिचा पत्ता तिचाच आहे, मी फक्त सांभाळत होते.

अशी बाई. मी शिवणयंत्रं विकली खरी, पण विकताना समोरच्याला ऐकायचं असतं हे मला तिने शिकवलं, तेही माझं विकणं संपल्यावर.

मग बाजार बसला. लोक नावं टाइप करेनासे झाले. बोटाने चित्र दाबतात आणि पोचतात. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, चौकशीचा साधा मेल नाही. 'गेलं'च्या खणात कोळ्याने जाळं विणलं. मी फडकं घेऊन गेलो तर अक्काने हात धरला.

"असू दे," ती म्हणाली. "निदान कोणीतरी राहायला आलंय."

वीस तारखेला चहा पिताना तिने सांगितलं. सगळ्या नावांचं शुल्क भरायची तारीख तिने सोयीसाठी एकच करून घेतली होती, तीस. तर या तीस तारखेपर्यंत एक जरी नाव विकलं गेलं, तर ती आणखी एक वर्ष चालवणार. नाहीच गेलं, तर सगळी सोडून देणार आणि लेकीकडे राहायला जाणार. लेक चार वर्षं बोलावतेय. तळमजला आहे, पुढे बाग आहे, जिने नाहीत. अक्काने हे अशा आवाजात सांगितलं, की जणू दुधाचं बिल सांगतेय.

मी म्हटलं, वा, छान, मला दोन्ही खोल्या मिळतील.

आता तुमच्यापासून काय लपवू? अक्का गेली तर मी थाप मारायची कुणाला? भिंतीला मारता येते, पण भिंत लगेच विश्वास ठेवते. बासष्ट वर्षं मी घरी येऊन काहीतरी सांगतोय आणि ती चष्म्यावरून बघून "गप्प्या, खरं सांग" म्हणतेय. ते 'खरं सांग' गेलं की माझं दुकान बंद. पण असं तोंडावर कोण म्हणतं? मी छाती पुढे काढली आणि म्हटलं, "अक्का, दहा दिवसांत एक नाव विकून नाही दाखवलं तर माझं नाव बदल."

"कोणतं देऊ?" ती म्हणाली. "कपाटभर आहेत. निवड."

पाच दिवस मी पायपीट केली. छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, माझ्या दुकानाला पाटीच नाही म्हणून मालकाने भाडं वाढवलेलं नाही, तुम्ही वर इंटरनेटवर लावायला सांगताय. फोटोवाल्याने आधी मला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर करायला लावली, चार फोटो काढले आणि त्यांचे पैसे घेतले. नावाचं उद्या बघू म्हणाला. अंत्यविधीचं सामान ठेवणाऱ्याकडे मी अर्धा तास बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्याकडे गिऱ्हाईक शोधत येत नाही हो काका, त्याला आणतात. पाचव्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराला नाव विकायचा प्रयत्न केला, तर त्याने अंगठ्याचे दुप्पट लावले.

सव्वीस तारखेला जिन्यात बसलो असताना मला युक्ती सुचली. गिऱ्हाईक मिळत नसेल तर गिऱ्हाईक बनवावं!

माझ्याकडे सायकलसाठी साठवलेले पैसे होते. दोन वर्षं साठवत होतो. म्हटलं, एक बनावट कंपनी उभी करू, तिच्या नावाने अक्काला मेल टाकू, एक नाव थोडक्यात घेऊन टाकू. अक्का राहील, सायकल पुढच्या जन्मी. तिच्या आवडीचं एक कार्ड होतं, 'दीपगृह'. तेच घ्यायचं ठरवलं. फोनवर एक फुकटची मेलपेटी उघडली आणि जिन्यातच लिहायला बसलो.

आता साधी कंपनी मला कशी सुचणार? मी लिहिलं, की आम्ही 'उजेड आणि मंडळी', सात समुद्रांपलीकडचे जुने कारखानदार. समुद्र नसलेल्या देशांना दीपगृहं पुरवतो. त्या देशांतही जहाजं रस्ता चुकतात, उलट जास्तच चुकतात. मागणी प्रचंड आहे. आपलं 'दीपगृह' हे नाव आम्हांस हवं आहे. खाली सही: मुख्य खरेदी अधिकारी.

सलूनवाल्याने इथे कात्री थांबवली आणि विचारलं, हे तुम्ही खरंच पाठवलंत? पाठवलं. इस्त्रीवाला म्हणाला, मला तर कंपनी बरी वाटतेय.

संध्याकाळी पार्टिशनपलीकडे टकटक ऐकू आली. अक्काचं उत्तर आलं, तीन ओळींचं. मागणीबद्दल आभारी आहे. आपला व्यवसाय वाचून आनंद वाटला. परंतु ज्या कंपनीला स्वतःचा पत्ता नाही आणि जी फुकटच्या मेलपेटीतून लिहिते, तिच्याशी मी व्यवहार करत नाही. आपल्या कंपनीच्या पत्त्यावरून लिहावे.

काय बाई आहे! दोन वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, दाराशी उभं, आणि ही त्याला आधी पाय पुसायला सांगते. माझी मान अभिमानाने ताठ झाली. मग लक्षात आलं, पाय माझेच आहेत.

म्हणजे आता 'उजेड आणि मंडळी'ला डोमेन हवं. सत्तावीसला सकाळी पाहिलं, तर नाव मोकळं होतं. घ्या आणि वर्षाचं शुल्क भरा, बस्स. मी म्हटलं, एवढी काय घाई? असलं नाव जगात दुसरं कोण घेणार आहे? जेवून घेऊ, जरा पडू, मग निवांत घेऊ. दुपारी दोन ते साडेचार मी पडतो. लहानपणापासून पडतो. शिवणयंत्रं विकायचो तेव्हासुद्धा एखाद्या घरी यंत्र दाखवता दाखवता दोन वाजले की तिथेच पडायचो.

साडेचारला उठून पाहिलं, तर नाव गेलेलं!

गेलेलं म्हणजे कोणीतरी घेतलेलं, आणि घेऊन लगेच विकायलाही काढलेलं. नावांचा बाजार भरवणारी एक साइट असते. तिथे विकणारा कोण, घेणारा कोण, एकमेकांना कळत नाही. दोघांनाही नुसते नंबर. समोरचा होता विक्रेता क्रमांक सत्तेचाळीस.

मी जिन्यात बसून त्या सत्तेचाळीसच्या सात पिढ्या उद्धरल्या. कसला लांडगा असेल? दिवसभर दुसऱ्याच्या तोंडातला घास बघत बसत असेल. पण तारीख होती सत्तावीस, आणि पत्राखाली कंपनीचं नाव मी स्वतःच लिहून बसलो होतो. बदलायचं तर अक्काला संशय आला असता. तिच्यासारखी बाई, एका रात्रीत कंपनीचं नाव बदललं तर पोलिसांत जाईल.

घासाघीस सुरू झाली. आकडे सांगत नाही, मास्तर लगेच पडताळा करतात. सायकलीत सांगतो. सत्तेचाळीसने मागितल्या तीन सायकली. मी म्हटलं, एक चाक. तो म्हणाला, तीन. मी कळकळीने लिहिलं, की आम्ही खरं म्हणजे एक अनाथालय आहोत, मुलं अंधारात बसलीयत, म्हणून 'उजेड' हे नाव. पाच मिनिटांत उत्तर: 'मग नावापेक्षा कंदील पाठवू का? किती मुलं आहेत?'

सांगतो तुम्हाला, असा विक्रेता मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मी चिडून पाच ओळी लिहाव्या, त्याने एका ओळीत मला परत खुर्चीत बसवावं. मी म्हटलं, मी आता उठून जातो. त्याने लिहिलं, 'जिना सांभाळून.' मी क्षणभर आजूबाजूला पाहिलं, पण हे असं कोणीही म्हणतं. अठ्ठावीस गेली, एकोणतीस उजाडली. पार्टिशनपलीकडे अक्काची टकटक चालूच होती. मला वाटलं, लेकीला लिहितेय. सामान काय आणू, पांघरुणं किती, कपाट बसेल का. प्रत्येक टक माझ्या छातीत बसत होती. त्या भरात मी दोन सायकलींवर आलो, मग सत्तेचाळीस दोनवरून दीडवर उतरला, आणि एकोणतीसच्या संध्याकाळी सौदा पटला तो बरोबर एका सायकलीवर. घंटी वगळून. घंटीचे तेवढे मी झुंजून कमी करून घेतले.

पैसे भरले. नाव माझं झालं. आणि जिन्यातल्या पायरीवर बसल्या बसल्या मला उमगलं, की सायकलीचे पैसे संपले! आता 'दीपगृह' कशाने घ्यायचं? कंपनीला स्वतःचा पत्ता मिळाला आणि त्याच पायरीवर तिचं दिवाळं निघालं. चढणीवर गाडी ढकलायला बैल आणावा आणि बैल आणताना गाडी विकून बसावं, तसं झालं. बैल मात्र उत्तम होता.

तीस तारखेला मी नव्या कोऱ्या पत्त्यावरून अक्काला लिहिलं, की आमच्या संचालक मंडळाची बैठक समुद्र शोधण्यात गुंतल्यामुळे व्यवहाराला दहा दिवसांची मुदत मिळावी. मग जेवलो. दोन वाजता पडलो, आणि लाज वाटते सांगायला, गाढ झोपलो.

साडेचारला उठलो, तर अक्का कपाटासमोर उभी. हातात पोस्टकार्ड. 'गेलं'च्या खणातला कोळी तिने त्या पोस्टकार्डावर अलगद घेतला, शेजारच्या रिकाम्या खणात सोडला, आणि मागे वळून न बघता म्हणाली, "विकलं."

"दीपगृह?" मी विचारलं.

"नाही रे. दुसरंच. मंगळवारी घेतलं होतं." तिने कार्ड पुढे केलं. तिच्या त्या टपाली गोल अक्षरात लिहिलं होतं: उजेड आणि मंडळी.

मी पलंगावर बसलो. खरं म्हणजे आधीच बसलो होतो, आणखी बसलो.

"गिऱ्हाईक जरा विचित्र होतं," अक्का सांगायला लागली. "राहतं सात समुद्रांपलीकडे. तिथे मध्यरात्र असते तेव्हा टकाटक उत्तरं देतं, आणि आपल्याकडे दुपारचे दोन वाजले की साडेचारपर्यंत मेल्यासारखं पडतं. तिन्ही दिवस. एका मिनिटाचा फरक नाही." तिने चष्म्यावरून पाहिलं. "गप्प्या, खरं सांग. सकाळी नाव मोकळं होतं ते पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं."

"मीही पाहिलं. म्हटलं, ज्या कंपनीला पत्ता नाही तिला उद्या तो लागणारच. पण म्हटलं, दोन वाजेपर्यंत थांबू. दोन वाजेपर्यंत घेतलं असतंस तर तुझंच होतं."

शेरास सव्वाशेर म्हणतात. इथे शेर झोपला होता आणि सव्वाशेर घड्याळ बघत बसला होता! मी तिला विचारलं, की खऱ्या कंपनीचं नाव असं उचललं असतंस का. ती म्हणाली, छे. पण समुद्र नसलेल्या देशातली जहाजं रस्ता चुकतात म्हटल्यावर कंपनी कोणाच्या घरची ते तिला पहिल्याच ओळीत कळलं होतं. रागीट सुताराचं पत्र तिने ओळखलं होतं, भावाचं ओळखणार नाही?

मग मी हळूच विचारलं, जे विचारायचं होतं ते. एक नाव गेलं, म्हणजे आता तू राहणार ना? हे विकणं धरायचं ना?

अक्काने कार्ड खणात सरकवलं. बराच वेळ ते सरळ करत राहिली.

"जाणारच होते रे," ती म्हणाली. "लेकीला तारीखही कळवली होती. मग ते पत्र आलं. म्हटलं, तिकडे बाग आहे, पण असं पत्र तिकडे कोण लिहील?" आणि लगेच आवाज बदलून म्हणाली, "जिन्याखाली बघून ये. आणि चप्पल घाल."

मी तीन जिने उतरलो. खाली किल्ल्यावाल्या बाईच्या दुकानाला टेकून नवी कोरी सायकल उभी होती. हिरवी. सीट, कॅरिअर, स्टँड, सगळं होतं. घंटी नव्हती. सौद्यात घंटी वगळलेली होती, आणि व्यवहाराला अक्का चोख!

किल्ल्यावाली म्हणाली, अक्कांनी स्वतः ढकलत आणलीय, कोणाला हात लावू दिला नाही. मी सायकलवर बसलो, रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. घंटी नसल्यामुळे तोंडानेच 'ट्रिंग' म्हणत होतो. वर खिडकीत अक्का होती. हसत होती की डोळे पुसत होती ते तिसऱ्या मजल्यावरून दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सलूनमध्ये बघतो तर काय! इस्त्रीवाल्याने नाक ओढलं. सलूनवाला कात्री घेऊन नुसता उभा. मास्तरांनी पेपर चक्क खाली ठेवला होता. तिघंही माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, की माझ्यावर त्यांचा विश्वास बसलाय. मला ते सहन होईना. आणि शिवाय या सगळ्या गोष्टीत मी जिंकलो कुठे? म्हणून मी खाकरलो.

म्हटलं, अहो, पण खरी गंमत पुढेच आहे. ते 'उजेड आणि मंडळी' हे नाव माझ्याकडेच राहिलं ना? तर पंधरा दिवसांत मला एका राजाचा मेल आला. खरोखरचा राजा. त्याच्या देशाला समुद्र नाही, आणि त्याला वाटत होतं आपल्याकडे एक तरी दीपगृह असावं. त्याने ते नाव माझ्याकडून घेतलं. बारा सायकलींना! घंट्यांसकट! आता त्या नावावर क्लिक केलंत तर राजाचा मुकुट दिसतो, आणि मागे दीपगृह, आणि त्याच्या टोकावर उभं राहून राजा स्वतः शेतातल्या बैलगाड्यांना दिवा दाखवतोय. अक्काने एकशेबारा विकायला बसून जे केलं नाही, ते मी एका नावावर करून दाखवलं. म्हटलं ना, विकण्यात माझा हात धरणारं...

मास्तरांनी खिशातून फोन काढला होता. एका बोटाने सावकाश टाइप करत होते. एकेक अक्षर, फळ्यावर लिहिल्यासारखं. मग त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला.

"मुकुट दिसत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, राजा मुकुट कधीकधी काढून ठेवतो.

"इथे लिहिलंय, 'हे नाव विकणे आहे. रास्त किंमत. दुपारी दोन ते साडेचार फोन करू नये.'" मास्तरांनी मान वर केली. "खाली नंबर आहे. आत्ता किती वाजले?"

सलूनवाल्याने भिंतीकडे पाहिलं आणि पाच म्हणाला. मास्तरांनी नंबर लावला.

कापडाखाली, माझ्या खिशात, फोन वाजायला लागला. हात कापडाखालीच अडकलेले. वाजतोय, वाजतोय, आणि आरशात तीन तोंडं माझ्याकडे बघतायत.

"खोटं," मास्तर अगदी समाधानाने म्हणाले.

सलूनवाल्याने माझ्या मानेवरचा कापडाची गाठ हलकेच सैल केली. "उचला ना काका," तो म्हणाला. "राजाचाच असेल."